आजारपणाला दर नाही
जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कोरोना अडवणाऱ्या बायकांच्या चौदा दिवसांचा हिशेब

आशा स्वयंसेविकेच्या मोबदल्याचा तक्ता एकदा सावकाश वाचावा. ग्रामीण भागात एका बाळंतपणामागे 600 रुपये. त्यातले 300 गरोदरपणातल्या नोंदणीचे आणि तपासण्यांचे, उरलेले 300 बाईला दवाखान्यात पोचवल्याचे. बाळ घरी आल्यावर ठरलेल्या दिवशी जाऊन त्याचे वजन, ताप, दूध ओढणे बघायचे. अशा सहा भेटींचे मिळून 250. वर्षाच्या आत सगळ्या लसी झाल्या तर 100. आरोग्य केंद्रातल्या मासिक बैठकीला हजेरी लावली तर 150. क्षयरोग्याचा औषधोपचार पुरा करून घेण्याचा दर वेगळा, हिवतापाच्या रक्तनमुन्याचा वेगळा, कुष्ठरोगाचा संशयित शोधण्याचा वेगळा. जन्मापासून मरणापर्यंत गावात जे जे घडते त्याला या तक्त्यात कुठे ना कुठे रकाना आहे. एक रकाना मात्र कधीच नव्हता. आशा स्वतः आजारी पडली तर काय, याचा.

2020 च्या मार्चपर्यंत ही उणीव कुणाला फारशी टोचली नाही. कणकण आली तर तापाची गोळी घेऊन पाडा गाठायचा, ही रीतच होती. कोरोनाने ती मोडली. आता आजारी माणसाने, इतकेच नव्हे तर आजाऱ्याच्या जवळ गेलेल्या धडधाकट माणसानेही, चौदा दिवस घराबाहेर पडायचे नाही असा सरकारी हुकूम निघाला. तो हुकूम दारोदार पोचवण्याचे काम आशांना दिले. आणि पोचवता पोचवता त्यांच्यापैकी कुणाला लागण झाली, तर तिचे चौदा दिवस कुणाच्या खात्यात धरायचे, हे ठरवायचे राहून गेले.

डोंगरावरचे दोन तालुके

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्याचे पूर्वेकडचे डोंगराळ तालुके. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला, पण जिल्ह्याचे ठिकाण समुद्राकडे गेले आणि हे दोन तालुके पूर्वीइतकेच लांब राहिले. जव्हारहून पालघर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, मोखाड्याहून शंभराच्या घरात. म्हणून अत्यवस्थ रुग्ण अनेकदा जिल्हा सोडून त्र्यंबकच्या रस्त्याने नाशिकला जातो. 2011 च्या जनगणनेत जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे 1 लाख 40 हजार होती, मोखाड्याची 83 हजार. दहातली नऊहून अधिक माणसे आदिवासी. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. जव्हारला मुकणे राजांच्या काळापासूनचे शहर आहे आणि पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. त्यापलीकडे आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे आणि मग पाडे.

या भागाचे नाव राज्याने ऐकले ते बालमृत्यूंमुळे. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक मुले दगावली. मंत्र्यांचे दौरे झाले, योजना आल्या. 2016 मध्ये मोखाड्यातल्या कुपोषणाच्या मृत्यूंनी पुन्हा तेच घडले. ऑगस्ट 2022 मध्ये बोटोशीजवळच्या मर्कटवाडीतल्या एका बाळंतिणीची जुळी अर्भके गेली. रस्ता नसल्याने तिला डोलीतून काही किलोमीटर न्यावे लागले होते. इथे नवजात बाळाकडे वेळेवर कुणी फिरकले की नाही, यावर त्याचे जगणे ठरते. फिरकणारी व्यक्ती बहुतेक वेळा आशाच असते.

2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने हे पद निर्माण केले. साधारण हजार वस्तीमागे एक आशा, डोंगराळ आदिवासी भागात वस्ती विरळ म्हणून पाड्यागणिक. ती गावचीच बाई असावी, ही अट. नाव ‘स्वयंसेविका’, मिळकत ‘मोबदला’. पगार हा शब्द कागदावर कुठेही येऊ दिलेला नाही. नियुक्ती झाली, वीसेक आशांवर एक गटप्रवर्तक आली, तिलाही महिन्याला वीस दौरे आणि दौऱ्यामागे पैसे असे ठरले. आशाही कामावर, गटप्रवर्तकही कामावर, पण नोकरीत कुणीच नाही.

परतणारी माणसे

जव्हार-मोखाड्यात दिवाळी झाली की घरांना कुलपे लागू लागतात. भात, नागली, वरई घरात आली की हाताला काम उरत नाही. मग कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. 2020 साली टाळेबंदीने हे वेळापत्रक उधळले. गाड्या बंद, काम बंद, हिशेब अर्धवट. माणसे चालत निघाली.

ज्या दिवशी ती पाड्यावर पोचली, त्या दिवसापासून आशेचे नवे काम सुरू झाले. कोण कुठून आला, कधी आला, ताप-खोकला आहे का, घरात किती माणसे. ही यादी रोज वर जायची. शाळा आणि आश्रमशाळांत विलगीकरणाची सोय झाली, पण पुष्कळांना घरीच राहायला सांगितले गेले. कुडाच्या एका खोलीच्या घरात सात माणसे असतील तर वेगळे कुठे राहायचे, याचे उत्तर परिपत्रकात नव्हते. ते आशेने शोधायचे. कुठे पडवीत आडोसा करून, कुठे शेतातल्या झोपडीत. पुढे राज्याच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत, सप्टेंबर-ऑक्टोबर 2020 मध्ये, हातात तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरण्याचे कामही तिच्याकडेच आले. 2021 मध्ये लस आली आणि लसीने माणूस मरतो ही धास्तीही आली. ती घालवण्यासाठी वारलीत, कोकणा बोलीत समजूत घालू शकणारी सरकारी यंत्रणेतली माणसे मोजकीच होती. त्यांत पहिली आशा.

या सगळ्यासाठी केंद्र सरकारने जानेवारी 2020 पासून महिन्याला 1,000 रुपये वेगळे दिले. दिवसाला 33 रुपये. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरची मजुरी 238 रुपये होती. तुलना अन्यायाची आहे हे खरे. हमीचा मजूर आठ तास खणतो, आशा अर्धवेळ आहे असे सरकार म्हणते. पण साथीच्या दिवसांत हे ‘अर्धवेळ’ सकाळी उजाडण्याआधी सुरू होऊन रात्रीच्या फोनपर्यंत चाले.

चौदा दिवसांचा हिशेब

आता विलगीकरण काय करते ते एकाच बाळाच्या कागदावर पाहू.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशेने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जायचे असते. सहाही भेटी झाल्या की 45 व्या दिवशी 250 रुपये लागू होतात. त्यालाही अटी आहेत. जन्माच्या वजनाची नोंद झाली पाहिजे, जन्मनोंदणी झाली पाहिजे, पहिल्या लसी झाल्या पाहिजेत, आणि 42 व्या दिवशी आई व मूल दोघेही सुखरूप असले पाहिजेत. म्हणजे मूल दगावले तर त्याच्यासाठी घातलेल्या फेऱ्याही बुडाल्या. वावर-वांगणीच्या तालुक्यात ही अट कशी वाटत असेल, हे वाचकांवर सोडतो.

समजा, आशेने तिसऱ्या दिवसाची भेट केली. पाचव्या दिवशी कळले की ज्या घरी ती यादी करायला गेली होती तिथला माणूस बाधित निघाला. ती चौदा दिवस घरात. सातव्या आणि चौदाव्या दिवसाची भेट हुकली. शेजारच्या पाड्याच्या आशेने त्या केल्या तर पैसे कुणाचे, हा वाद. कुणीच केल्या नाहीत तर बाळ तसेच, आणि 250 रुपयेही गेले. याच पंधरवड्यात एखादी बाई अडली आणि तिला दवाखान्यात दुसऱ्या कुणी नेले, तर 300 गेले. लसीकरणाच्या दिवशी बालके गोळा करायला ती नव्हती, ते गेले. मासिक बैठकीला नव्हती, 150 गेले. गटप्रवर्तक विलगीकरणात गेली तर तिचे महिन्याचे निम्मे दौरे कोरे, म्हणजे निम्मी मिळकत कोरी.

महिनाअखेरीला ती मोबदल्याचा अर्ज भरते. कामानुसार रकाने, सिस्टरची सही, गटप्रवर्तकाची पडताळणी, केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची सही, मग तालुका कार्यालय, मग कधीतरी खात्यावर पैसे. या साखळीतल्या कुणाच्याही मनात खोट नसली तरी विलगीकरणाचे चौदा दिवस भरायला कागदावर जागा नाही. जे काम झाले त्याचे पैसे, एवढेच त्याला कळते. झालेले काम कमी, म्हणून रक्कम कमी. कुणी कापली नाही, कुणी नाकारली नाही. त्यामुळे तक्रार कुणाविरुद्ध करायची हेही कळत नाही.

याचा परिणाम साथीवर होतो, हे लक्षात घ्यायला हवे. ज्या बाईच्या घरात तिचा मोबदला हीच महिन्याची एकमेव रोख रक्कम आहे, ती घसा खवखवल्याची बातमी स्वतःहून कशी देईल? चाचणी टाळणे, लक्षण दडवणे, दोन दिवस वाट पाहणे यामागे अज्ञान नसते, हिशेब असतो. मजुराला घरी बसवायचे तर त्याच्या पोटाची सोय करावी लागते, हे सरकारला धान्यवाटपाच्या वेळी कळले होते. स्वतःच्या आरोग्यसेविकेच्या बाबतीत ते सुचले नाही.

एका केंद्रात चार हजेऱ्या

आरोग्य केंद्राच्या एकाच इमारतीत साथीच्या काळात चार तऱ्हेची माणसे काम करत होती. विषाणूला फरक कळत नव्हता, हजेरीपटाला कळत होता.

पहिली तऱ्हा कायम कर्मचाऱ्यांची. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 त्यांना वर्षाला 30 दिवसांची अर्जित रजा आणि 20 दिवसांची अर्धपगारी रजा देतात, शिवाय किरकोळ रजा. आजारी पडले तरी पगाराची तारीख चुकत नाही. दुसरी तऱ्हा आरोग्य अभियानातल्या कंत्राटी परिचारिका, तंत्रज्ञ, डॉक्टरांची. त्यांचा करार काही महिन्यांचा. रजा करारात लिहिल्या तेवढ्याच, आणि त्यापुढे पगारकपात किंवा पुढच्या नेमणुकीची टांगती तलवार. तिसरी तऱ्हा ठेकेदारामार्फत आलेल्या सफाईगार, वाहनचालक, शिपाई यांची. त्यांना ‘काम नाही तर दाम नाही’. चौथी तऱ्हा आशांची. त्यांचे नाव हजेरीपटावरच नाही, मग गैरहजेरी मांडणार कशी?

केंद्र सरकारने स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी 7 जून 2021 रोजी जे आदेश काढले ते या रांगेच्या पहिल्या टोकाचे उत्तम उदाहरण. कोरोना झाला तर 20 दिवसांपर्यंतची परिवर्तित रजा, घरचे कुणी बाधित असेल तर 15 दिवसांची विशेष किरकोळ रजा, संपर्कात आल्याने घरी थांबावे लागले तर सात दिवस घरून काम किंवा कर्तव्यावर. व्यवस्था नेमकी होती, माणुसकीची होती. दिल्लीच्या कचेरीत फाईल हलवणाऱ्याला ती मिळाली. मोखाड्याच्या पाड्यावर रुग्ण शोधणारीला मिळाली नाही.

आरोग्य खात्याबाहेरचीही माणसे होती. टाळेबंदीत एसटीच्या गाड्या अत्यावश्यक कर्मचाऱ्यांना पालघरहून मुंबईला नेत होत्या. पुढे राज्यभरातले चालक-वाहक बेस्टच्या मदतीला मुंबईत पाठवले गेले आणि त्यांतले अनेकजण बाधित होऊन परतले. त्याच वर्षी पगार महिनोन्‌महिने रखडले. अत्यावश्यक या बिरुदाने कामावर येण्याची सक्ती वाढली, आजारी पडण्याची मुभा वाढली नाही.

कोर्टाची पायरी

क्वारंटाइन म्हणजे रजा की ड्युटी, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, पण तो डॉक्टरांच्या वाटेने. 15 मे 2020 च्या केंद्रीय सूचनेने आरोग्य कर्मचाऱ्यांचे सरसकट विलगीकरण थांबवले आणि जास्त धोका असलेल्यांपुरते मर्यादित केले. डॉ. आरुषी जैन यांच्या याचिकेवर 17 जून 2020 ला न्यायालयाने डॉक्टरांना वेळेवर पगार आणि विलगीकरणाची सोय देण्याचे निर्देश दिले. 31 जुलैला पुन्हा सुनावणी झाली तेव्हा केंद्राने सांगितले की महाराष्ट्र, पंजाब, कर्नाटक आणि त्रिपुरा या चार राज्यांनी पगार वेळेवर देण्याचे पाळलेले नाही. विलगीकरणाचा काळ रजा धरून पगार कापला जातो, ही तक्रारही तेव्हाच पुढे आली आणि हा काळ कर्तव्याचाच धरला जावा, असा खुलासा करण्याची जबाबदारी केंद्रावर आली.

तत्त्व प्रस्थापित झाले. साथीत काम करणाऱ्याचे विलगीकरण हा कामाचाच भाग. पण हे तत्त्व ‘पगार’ असणाऱ्यांना लागू पडते. ज्याला पगारच नाही त्याचा तो कापला जात नाही, आणि कापला गेला नाही तर तो परत मिळवण्याचा आदेशही मिळत नाही.

ठेकेदाराच्या माणसांना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एकदा हात दिला. तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिर संस्थानात ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या कामगारांचे पैसे टाळेबंदीत थांबले. 12 मे 2020 ला न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी मार्च ते मे या महिन्यांची पूर्ण मजुरी, जेवण व प्रवासभत्ता वगळून, देण्याची व्यवस्था करायला सांगितले. कामगार कामावर येऊ शकले नाहीत तो काळ ‘काम नाही तर दाम नाही’च्या मापाने मोजता येणार नाही, हा त्यामागचा विचार. त्याच महिन्यात केंद्राने पूर्ण पगाराचा 29 मार्चचा आदेश मागे घेतला आणि 12 जून 2020 ला फायकस पॅक्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांना आपसांत वाटाघाटी करायला सांगितल्या. डोंगरातला सफाईगार ठाण्या-मुंबईच्या ठेकेदाराशी काय वाटाघाट करणार?

बरे, तो कोर्टात गेला तरी पहिल्याच पायरीवर विचारले जाते, तू नेमका कुणाचा कामगार? 2001 च्या कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मालक-कामगार नातेच वादग्रस्त असेल तर महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखालची तक्रार टिकत नाही. आधी नाते सिद्ध करा, मग अन्याय सांगा. नाते सिद्ध करायला वर्षे लागतात आणि इथे प्रश्न असतो चौदा दिवसांचा. साथीच्या काळात लागू असलेल्या कंत्राटी कामगार कायद्याचे 21 वे कलम मात्र साधे होते. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यायची. कागदोपत्री ते सरकारी रुग्णालयालाही चुकत नव्हते. वापरणारे हवे होते.

आशांचा प्रश्न आणखी एक पायरी खाली. 2013 साली 45 व्या भारतीय श्रम परिषदेने आशा, अंगणवाडी आणि माध्यान्ह भोजनाच्या कामगारांना कामगार मानावे, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी अशी शिफारस केली. ती तशीच पडून राहिली. 25 एप्रिल 2022 ला गुजरातमधल्या अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो असा निकाल दिला आणि मानधन नावाने मिळणारी रक्कम हेही वेतनच, असे मान्य केले. जव्हारच्या अंगणवाडीतल्या सेविकेला यातून दार उघडले. तिच्याच पाड्यावरच्या आशेला अजून नाही.

मरणाचा भाव पन्नास लाख

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. 30 मार्च 2020 पासून प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजखाली सुमारे 22 लाख आरोग्य कर्मचाऱ्यांना 50 लाखांचे विमाकवच मिळाले. त्यात आशा होत्या, कंत्राटी होते, ठेकेदाराची माणसेही होती. राज्याने 29 मे 2020 च्या शासन निर्णयाने कोविडच्या कामावर दगावणाऱ्या इतर कर्मचाऱ्यांसाठी तेवढीच सानुग्रह मदत जाहीर केली. चार हजेऱ्यांतला भेद इथे पहिल्यांदा पुसला गेला. मेल्यावर सगळे सारखे.

राज्याच्या निर्णयात एक अट होती. रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या किंवा मृत्यूपूर्वीच्या चौदा दिवसांत संबंधित व्यक्ती कर्तव्यावर हजर असली पाहिजे. मागणी खरी की खोटी हे ताडायला अशी अट लागते, हे समजते. पण विलगीकरणाच्या चौदा दिवसांशेजारी ती ठेवून पाहा. संपर्कात आली म्हणून प्रामाणिकपणे घरी थांबली, मग तब्येत बिघडली, तर हजर असल्याचा पुरावा आणायचा कुठून? विलगीकरण कर्तव्यच मानले असते तर हा प्रश्नच उरला नसता.

आता एक सोपा गुणाकार. विलगीकरणातल्या आशेला रोजगार हमीच्या मजुराइतके, म्हणजे 238 रुपये रोज दिले असते तर चौदा दिवसांचे होतात 3,332 रुपये. राज्यातल्या सुमारे 70 हजार आशांपैकी प्रत्येकीला एकदा विलगीकरणात जावे लागले असे धरले, जे अर्थातच फुगवलेले आहे, तरी खर्च होतो सव्वातेवीस कोटींच्या आसपास. पन्नास लाखांच्या 47 दाव्यांची ही रक्कम. मृत्यूच्या भरपाईला तिजोरी उघडली, मृत्यू टाळणाऱ्या विश्रांतीला नाही. हा पैशाच्या चणचणीचा प्रश्न नव्हता. हा रकान्याचा प्रश्न होता.

संपाने काय दिले

जे मिळाले ते मागून मिळाले. राज्याने 1 जुलै 2020 पासून आशांना महिन्याला 2,000 आणि गटप्रवर्तकांना 3,000 रुपयांची वाढ दिली. दुसऱ्या लाटेनंतर 15 जून 2021 ला राज्यभरच्या आशा-गटप्रवर्तक संपावर गेल्या. आठवडाभरात आरोग्यमंत्री राजेश टोपे यांच्याशी तडजोड झाली. आशांना 1,000 ची वाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता, गटप्रवर्तकांना 1,200 आणि 500. कोविड भत्ता दिवसाला सतरा रुपये पडला. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताच्या आशांना गौरवले, अभिनंदनाचे संदेश आले. त्यानंतर ऑक्टोबर 2023 आणि जानेवारी 2024 असे दोन संप करावे लागले, तेव्हा मार्च 2024 मध्ये मंत्रिमंडळाने 5,000 रुपयांची वाढ मंजूर केली. 2025 मध्ये केंद्राने आपला महिन्याचा 2,000 चा हिस्सा 3,500 केला आणि दहा वर्षांनी काम सोडणाऱ्या आशेची रक्कम 20 हजारांवरून 50 हजारांवर नेली.

या वाढी लहान नाहीत, पण वाढींच्या यादीत पगारी आजारपण आले नाही. दोष संघटनांना देता येत नाही. भाकरी मागणारा आधी भाकरीच मागतो. शिवाय संप आशेला दुहेरी महाग पडतो. कामे थांबली की मोबदलाही थांबतो, आणि पाड्यावरचे बाळ सातव्या दिवशी सात दिवसांचेच होते, संप मिटायची वाट पाहत नाही.

इतरांनी काय केले

जगानेही हा प्रश्न हाताळला, काहींनी चांगला, काहींनी वरवर. ब्रिटनने 13 मार्च 2020 पासून आजारपणाचा वैधानिक भत्ता पहिल्या दिवसापासून लागू केला आणि विलगीकरणालाही दिला. रक्कम आठवड्याला शंभर पौंडांच्या आत होती. ती अपुरी पडली म्हणून सप्टेंबर अखेरीपासून इंग्लंडने कमी मिळकतीच्या माणसांना घरी थांबण्यासाठी 500 पौंड एकरकमी दिले. सिंगापूरने विलगीकरणातल्या स्वयंरोजगारितालाही दिवसाला 100 सिंगापूर डॉलर दिले. नोकरी कुणाची, हे विचारले नाही. अमेरिकेने दोन आठवड्यांची पगारी आजारी रजा कायद्याने दिली खरी, पण आरोग्य कर्मचाऱ्यांना त्यातून वगळण्याची मुभा मालकांना ठेवली. सगळ्यांत जास्त धोक्यात असलेल्यांनाच वगळणे ही चूक मोखाड्याची मक्तेदारी नाही.

आपल्याकडचा धडा तर याहून जुना आहे. 1896 च्या प्लेगात मुंबईचे सफाई कामगार सक्तीच्या विलगीकरणाच्या भीतीने शहर सोडतील आणि शहर घाणीत बुडेल, या धास्तीने नगरपालिकेला आपले नियम सैल करावे लागले. पुढच्याच वर्षी, 1897 मध्ये, साथरोग कायदा आला. तोच कायदा मार्च 2020 मध्ये महाराष्ट्राने लागू केला. माणसाला अडवण्याचे अधिकार त्यात भरपूर आहेत. अडवलेल्या माणसाच्या पोटाबद्दल एक शब्द नाही. मधल्या सव्वाशे वर्षांत तो कुणी घातला नाही.

करता येण्यासारखे

यासाठी नवा आयोग नको. मोबदल्याच्या अर्जात एक ओळ वाढवावी: वैद्यकीय अधिकाऱ्याने लेखी सांगितलेले आजारपण किंवा विलगीकरण, दिवस इतके, दर रोजगार हमीच्या मजुरीइतका. सही केंद्राच्याच अधिकाऱ्याची, म्हणजे जो घरी बसायला सांगतो तोच पैशाला पात्र ठरवतो. दुसरे, बाळाच्या भेटींचे पैसे सहाच्या सहा भेटींना एकत्र न बांधता भेटीगणिक द्यावेत, म्हणजे शेजारची आशा मदतीला धावली तर दोघींचेही नुकसान होणार नाही. 42 व्या दिवशी मूल जिवंत असण्याची अट तर लगेच काढावी. बाळ वाचले नाही याची शिक्षा त्याच्याकडे जाणाऱ्या बाईला देण्यात कसलाही आरोग्यविचार नाही. तिसरे, सरकारी रुग्णालयांच्या प्रत्येक ठेक्यात साथीच्या काळातली पगारी विलगीकरणाची अट घालावी आणि ठेकेदाराचे बिल तिची पावती पाहून काढावे.

पुढची साथ येईल तेव्हा ती कोणत्या विषाणूची असेल हे सांगता येत नाही. ती जव्हार-मोखाड्यात पोचली की पहिली यादी कोण करणार, हे आजच माहीत आहे. दिवाळी झाली की या दोन तालुक्यांतली माणसे भट्ट्यांच्या वाटेला लागलेली असतील आणि पाड्यावरची आशा कोण कुठे गेले, कुणाबरोबर किती लहान मुले आहेत, कुणाची कोणती लस राहिली, याची नोंद करत असेल. वाचकांपैकी कुणी पंचायत समितीत असेल, जिल्हा परिषदेत असेल, आरोग्य खात्यात असेल, विधिमंडळात कुणाच्या ओळखीचा असेल. त्यांना एकच विनंती. साथ नसताना, शांत डोक्याने, त्या तक्त्यात ती ओळ लिहून घ्या. साथीत ती लिहायला कुणालाच वेळ नसतो, हे आपण एकदा पाहिले आहे.